एप्रिल ते मार्च, मार्च धरून

मंडळी, मागच्या वेळी पायथॉनच्या पांडाज लायब्ररीत आपण तक्ता उघडला. आज त्यातले सलग रकाने निवडायचे आहेत. उदाहरण मंडळाच्या वर्गणीचंच घेते, कारण खजिनदार काकांचं हे काम शेवटी घरातल्या कॉलेजवाल्यांकडेच येतं!

प्रत्येक ओळ एका सभासदाच्या नावाची. पुढे रकाने: पत्ता, फोन, एप्रिल ते मार्च असे बारा महिने आणि एकूण. सगळ्यांना पाठवायच्या यादीत नावापुढे फक्त महिने हवेत. बारा नावं कोण टाइप करणार? म्हणून बरेच जण रकाने मोजतात आणि ‘आयलोक’ला २:१४ सांगतात. मोजणी शून्यापासून, त्यामुळे एप्रिल दुसरा. शेवटचा आकडा धरला जात नाही, म्हणून चौदावा ‘एकूण’ बाहेर राहतो. विचित्र वाटलं, तरी १४ वजा २ म्हणजे बरोबर १२ रकाने. ही पद्धत का सोयीची, यावर डाइकस्ट्रा या संगणकशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक छोटं टिपणच लिहिलं होतं.

आता समजा, काकांनी फोननंतर ‘मागील बाकी’ हा रकाना घातला. प्रोग्राम तक्रार करत नाही. तोच २:१४ आता बाकीपासून फेब्रुवारीपर्यंत उचलतो. मार्च गायब होतो आणि कुणाकडे किती थकलंय ते सगळ्या मंडळाच्या फोनवर जातं. घरात एखादं आजारपण असतं, कुणाची नोकरी गेलेली असते. ती बाकी काका आणि त्या घरापुरतीच राहायला हवी ना?

म्हणून नावानं निवडा. ‘लोक’मध्ये ओळींच्या जागी नुसता कोलन, मग स्वल्पविराम, मग अवतरणात 'एप्रिल':'मार्च'. इथे मार्चसुद्धा धरला जातो, कारण मार्चनंतरचं नाव कोणतं हे शोधायला लावणं गैरसोयीचं झालं असतं. मध्ये कुणी रकाना घालो, महिने महिनेच राहतात. (नावं देवनागरीत खुशाल लिहा, मोजणीचे आकडे मात्र इंग्रजीच लागतात.)

यादीला रंग द्यायचे, रकमा नीट मांडायच्या तर ‘स्टायलर’ आहे. त्याच्या ‘सबसेट’मध्ये हाच पल्ला ‘इंडेक्सस्लाइस’ने देता येतो, आणि तिथे नावंच चालतात, क्रमांक नाहीत. मला हे फार आवडतं.

एक मात्र आहे. पल्ला कॅलेंडर पाहत नाही, तक्त्यातला क्रम पाहतो. कुणी फोनचा रकाना ओढून मे आणि जूनच्या मध्ये टाकला, तर तोही यादीत येईल. तेव्हा पाठवण्याआधी रकान्यांची नावं एकदा छापून बघा. आणि काकांनी ‘एप्रील’ लिहिलं असेल, तर या तक्त्यात प्रोग्राम तिथेच अडेल. अडू द्या, काकांना फोन करा.