मोबाइलातली राहुटी कोणाच्या नावावर?



मागच्या खेपेस हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल लिहिले होते. आजचा विषय शिवाराबाहेरचा वाटेल, पण तो शेतकऱ्याच्याच घरातला आहे. सुगी उरकली की आपल्याकडची कितीतरी माणसे गळ्यात ढोल अडकवतात, कोणी क्लार्नेट पुसून काढतो, कोणी बेंजोच्या तारा बदलतो. तुळशीचे लग्न लागले की बँड बाहेर पडतो तो मृगाच्या तोंडाशी घरी येतो. दोन एकर कोरडवाहू असलेल्या घराला हा हंगाम खरिपाइतकाच मोलाचा. बी-बियाण्याचा पैसा पुष्कळ ठिकाणी या बिदागीतूनच उभा राहतो, हे मी गावोगाव फिरताना पाहिले आहे.

जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रेचे पंच तेथे येतात आणि फडमालकासमोर बसून तारीख व सुपारी ठरवतात. बँडला अशी राहुटी कधी नव्हती. तालुक्याच्या गावी एखाद्या टपरीवर पाटी, पत्रिका छापणाऱ्याशी ओळख, मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाचा चहा, यांवर काम चालायचे. आता मुलीचा बाप घरी बसून मोबाइलवरच बँड शोधतो. तेव्हा राहुटी मोबाइलात लावावी लागते. तिला भाडे पडत नाही, ही चांगली गोष्ट. पण तिची एक खोच आहे, ती मला उशिरा कळली.

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात चौदा जणांचा बँड आहे. सगळे अल्पभूधारक. 2021 साली मीच त्यांना म्हणालो, “मास्तर, गूगलच्या नकाशावर बँडचे नाव टाका, पैसे लागत नाहीत.” मास्तरांच्या भाच्याने एका दुपारी सगळे करून दिले. नकाशावर नाव आले, यूट्यूबवर व्हिडिओ चढले, सुपाऱ्या वाढल्या. पुढे पोरगा कंपनीत नोकरीला गेला, वाटणीवरून घरात बोलाचाली झाली आणि येणे-जाणे तुटले. खाते त्याच्या मेलवर, फोन नंबर त्याचा, पासवर्ड त्यालाच ठाऊक. त्याने नंबर बदलला आणि ऐन लग्नसराईत बँडचा फोन वाजेना. नकाशावर नाव दिसत होते, पण लोक लावत होते तो नंबर बंद! दोन महिने त्यांना वाटत राहिले की यंदा लग्नेच कमी आहेत. त्या वर्षी तिघांनी बियाणे उधारीवर आणले. खाते कोणाच्या नावावर आहे हे मी विचारायला हवे होते. जमिनीचा व्यवहार करताना आपण आधी सातबारा पाहतो, मग येथे कसा विसरलो?

म्हणून राहुटी लावण्याचा क्रम सांगतो. आधी बँडसाठी वेगळे सिमकार्ड घ्या. ते जो गाव सोडून जाणार नाही त्याच्या नावावर असावे, आणि त्याचे रिचार्ज चुकवू नका. बरेच दिवस बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देऊन टाकते. त्या नंबरावर बँडच्या नावाचे गूगल खाते उघडा. मग त्या खात्यावरून नकाशावरची नोंद आणि यूट्यूबचे चॅनेल काढा. नकाशाच्या नोंदीला एकाहून अधिक मालक ठेवता येतात, तेव्हा मास्तर आणि आणखी एक जाणता माणूस असे दोघे ठेवा. नाव देताना नुसते ‘जय मल्हार बँड’ देऊ नका, अशी नावे पाच-पन्नास निघतील. पुढे गावाचे आणि तालुक्याचे नाव जोडा. व्हॉट्सअॅपचे धंद्यासाठीचे वेगळे अॅप आहे, तेही फुकट. वरातीत वाजवताना फोन ऐकू येत नाही. अशा वेळी कोणी व्हॉट्सअॅपवर संदेश पाठवला तर “कार्यक्रमात आहोत, रात्री फोन करतो” असा निरोप ते आपोआप पाठवते. केवळ एवढ्यासाठीसुद्धा ते घ्यावे.

व्हिडिओ काढताना फोन आडवा धरा आणि ढोलापासून पंधरा-वीस पावले लांब उभे राहा. जवळून काढले तर सगळा आवाज फाटतो आणि क्लार्नेट बुडते. लोकांच्या घरच्या लेकीसुना नाचतानाचे चित्रण त्यांना विचारल्याशिवाय टाकू नये. खरे तर तालमीचाच व्हिडिओ उत्तम, देवळापुढच्या पारावर सकाळच्या उजेडात काढलेला.

येथे कायद्याची एक गोष्ट. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये लग्नाच्या वरातीला आणि लग्नातल्या समारंभांना सवलत आहे, त्यामुळे वरातीत सिनेमाचे गाणे वाजवले तर तो गुन्हा नाही. पण तेच वाजवणे यूट्यूबवर चढवले की ही सवलत तेथे लागत नाही. गाण्याची मालकी असलेली कंपनी हरकत घेऊ शकते. कधी जाहिरातीचा पैसा तिच्याकडे जातो, कधी व्हिडिओ काढला जातो, आणि 90 दिवसांत तीन ताकिदी आल्या तर चॅनेलच बंद होऊ शकते. मग टाकायचे काय? हलगीचे जुने ताल, संबळ, सनई, भूपाळीच्या परंपरागत चाली. संतांच्या अभंगांच्या शब्दांवर कोणाची मालकी नाही. मात्र एखाद्या संगीतकाराने लावलेली नवी चाल त्याची असते, हे ध्यानात ठेवा. आणि मला विचाराल तर सिनेमाची गाणी सगळेच वाजवतात. तुमची हलगी कशी बोलते, हेच गिऱ्हाइकाला ऐकायचे असते.

नंबर सगळ्यांना दिसू लागला की लबाडही फोन करतात. “मी लष्करातला अधिकारी, छावणीत कार्यक्रम आहे, इसार पाठवतो, एवढा कोड स्कॅन करून पिन टाका” असे गोड बोलतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की आपल्याच खात्यातून पैसे जातात. फसगत झालीच तर ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवा, बँकेत चकरा मारण्यात वेळ घालवू नका.

आणखी एक. खाते आपल्या नावावर असले तरी जमीन कंपनीची, आपण नुसते कूळ, तेही कूळकायदा नसलेले. 29 जून 2020 रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या कितीतरी कलावंतांची प्रेक्षकांची भरली जत्रा एका रात्रीत उठली. परदेशात मायस्पेस नावाच्या संकेतस्थळावर बँडवाल्यांनी वर्षानुवर्षे गाणी ठेवली होती. 2003 ते 2015 या काळात चढवलेली गाणी सर्व्हर बदलताना गेली, हे 2019 साली उघड झाले. ज्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती त्यांतल्या बहुतेकांची गाणी कायमची गेली. म्हणून मूळ व्हिडिओ पेनड्राइव्हवर घरी ठेवा, आणि सुपारी दिलेल्यांची नावे, गावे, नंबर कागदाच्या वहीत उतरवा.

त्या चौदा जणांचे पुढे काय झाले ते सांगतो. नकाशावरच्या नोंदीची मालकी मागण्याचा अर्ज गूगलकडे करता येतो, तो आम्ही केला. पण त्याआधी मास्तर स्वतः भाच्याच्या खोलीवर जाऊन आले. जाताना बहिणीने दिलेली ज्वारी घेऊन गेले होते. पोराने तेथेच बसून मोबाइल काढला आणि मालकी बँडच्या खात्यावर करून दिली. जुने व्हिडिओ त्याच्याकडे होते, तेही परत मिळाले. यंदाच्या तुळशीच्या लग्नाआधी तो सुटी काढून गावी येणार आहे, नवे व्हिडिओ काढायला. पासवर्ड मात्र आता मास्तर आणि ट्रंपेटवाले काका या दोघांकडेच आहे.