जागा नाही, म्हणून घर नाही

तुळजापुरात घरकुलाचा अर्ज भरणाऱ्याला कुटुंबातल्या सगळ्यांची आधार कार्डे लागतात, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि देशात कुठेही पक्के घर नसल्याचे शपथपत्र लागते. मजुरी बुडवून, हेलपाटे घालून माणूस एवढे जमवतो. अडतो तो जागेच्या उताऱ्यापाशी. लहान शहरांत प्रधानमंत्री आवास योजना मुख्यतः ‘स्वतःच्या जागेवर स्वतः बांधा’ या घटकातून पोहोचते. त्यामुळे सर्वांत गरजू असलेला भाडेकरूच आधी बाद होतो.

बॉण्डवर गुंठा-अर्धा गुंठा घेतलेल्याचीही तीच गत. पैसे मोजले, पत्रे ठोकले, पण जागा नावावर नाही. सरकारी जमिनीवरची 2011 पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण 2018 साली आले, 2025 मध्ये तुकडेबंदीही शिथिल झाली. पण मोजणी होऊन उतारा हाती पडेपर्यंत या निर्णयांचा अर्जदाराला काडीचा उपयोग नाही.

ज्यांच्याकडे उतारा आहे, तेही सुटलेले नाहीत. 2015 साली केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाखांचे अनुदान ठरले. सप्टेंबर 2024 पासून योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला, तरी आकडा तोच आहे. तीस चौरस मीटरचे घरकुल म्हणजे सुमारे 323 चौरस फूट; फुटाला पावणेआठशे रुपयेही पडत नाहीत. या पैशात आज कोणता गवंडी घर उभे करून देईल? शिवाय रक्कम हप्त्याहप्त्याने, बांधकामाचे फोटो चढल्यावर मिळते. हप्ता लांबला की सावकार आलाच.

जमीन पाहून घर देण्याचा हा न्याय या जिल्ह्याला नवा नाही. 1993 च्या भूकंपानंतर स्थलांतरित गावांत घरे दिली, तीही जमीनधारणा पाहून: भूमिहीन व अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, त्याहून अधिक जमीनवाल्याला 400, मोठ्या शेतकऱ्याला 750. निदान तेव्हा भूमिहीनाच्या वाट्याला 250 फूट तरी आले. आजच्या योजनेत त्याला अर्जाच्या खिडकीवरूनच परत पाठवले जाते.

दुसरा मार्ग मोठ्या गृहप्रकल्पाचा. शेजारच्या सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी आणि यंत्रमाग कामगारांसाठी रे नगर उभे राहिले. तीस हजार घरांच्या या प्रकल्पातली पहिली पंधरा हजार जानेवारी 2024 मध्ये कामगारांच्या ताब्यात आली. पण त्यामागे हजारो कामगारांची संघटना आणि वर्षानुवर्षांचा लढा होता. 2011 च्या जनगणनेत 34 हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या तुळजापुरात तेवढे बळ कुठून येणार? आणि गरिबांसाठी इमारत बांधायला बिल्डर तरी का येईल? इथे खोली महिन्याने भाड्याने देण्यापेक्षा भाविकाला रात्रीपुरती दिली तर जास्त पैसे मिळतात. मंदिर परिसराचा अठराशे कोटींहून मोठा विकास आराखडा मंजूर झाला आहे, रेल्वेमार्गाचेही काम सुरू आहे. जागेचे भाव यापुढे चढतच जाणार.

सरकारला उपाय ठाऊक नाही, असेही नाही. ग्रामीण भागात घरकुल मंजूर झालेल्या भूमिहीनाला जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून एक लाखापर्यंत मदत मिळते. नगरपरिषदेची हद्द ओलांडून आत आले की ती संपते. गावातला भूमिहीन मदतीला पात्र आणि शहरातला नाही, याला कोणता तर्क आहे? ही योजना नगरपरिषद क्षेत्राला ताबडतोब लागू केली पाहिजे. घरकुलाची रक्कम आजच्या बांधकाम खर्चाशी जुळवून घेतली पाहिजे. नगरपरिषद आणि महसूल खात्याने शहरालगतच्या सरकारी जमिनी मोजून त्यांतला ठरावीक हिस्सा घरकुलांसाठी राखून ठेवला पाहिजे. विकास आराखड्याची कामे जमिनी व्यापण्याआधीच. भाविकांसाठी भक्तनिवास हवेतच. पण त्यांची सेवा करणाऱ्या तुळजापूरकरालाही जागा राखणे हे त्याच आराखड्याचे काम आहे.