कसोटीवाचून जोडलेला नळ

भिवंडीलगतच्या राहनाळमधून जाणाऱ्यास आज गोदामांच्या रांगा दिसतात. जेथे एके काळी भातखाचरे होती, तेथे दूरदूरच्या मालाची खोकी रचली जात आहेत. शेजारच्या भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट आहे आणि सुताला कांजी देणाऱ्या सायझिंगच्या व कापड रंगविणाऱ्या कारखान्यांची धुराडी आहेत. या उद्यमशीलतेचे आम्हांस कौतुकच वाटते. परंतु धुराड्याकडे सर्वांची नजर जाते. उकळते पाणी, दाहक सोडा आणि रंगाचे द्रावण वाहून नेणाऱ्या पंपांकडे व नळांकडे कोणाची जाते? दृष्टीआड सृष्टी हा न्याय येथे फार महाग पडतो.

पंप घेताना पुष्कळदा दोनच प्रश्न विचारले जातात: अश्वशक्ती किती आणि किंमत काय? काय वाहून न्यायचे, किती तापमानाचे, किती दाट, किती उंचीवर, हे प्रश्न मागाहून सुचतात. साधे पाणीच घ्या. थंड असता पंप ते तत्त्वतः सुमारे दहा मीटर खोलीवरून ओढू शकतो. तेच ८० अंशांपर्यंत तापले की ही मर्यादा साडेपाच मीटरांच्या आसपास येते आणि व्यवहारात त्याहूनही बरीच कमी भरते. मर्यादा ओलांडली की पंपातच वाफेचे बुडबुडे होतात, ते फुटतात आणि पंख्याची धातू कुरतडू लागतात. गंजत नाही म्हणून मिरविणारे पोलादही मिठाच्या उष्ण द्रावणात पोखरले जाते. गरजेहून मोठा पंप घेऊन झडप आवळून चालविणे, ही तर विजेची रोजची उधळपट्टी होय. स्वस्त पंपाची ही खरेदी अखेर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ठरते.

निवडीइतकीच महत्त्वाची कसोटी. पंप कारखान्यातून निघण्यापूर्वी चालवून त्याचा प्रवाह, दाब आणि लागणारी शक्ती मोजावयाची, यासाठी भारतीय मानके उपलब्ध आहेत. नळ जोडल्यावर त्यात पाणी भरून नियोजित दाबाच्या सामान्यतः दीडपट दाब द्यावयाचा आणि सांधा न् सांधा पाहावयाचा, हा सर्वमान्य प्रघात आहे. पाणीच का? दाबलेल्या पाण्यात शक्ती फारशी साठत नाही. सांधा सुटला तर पाणी सांडते. दाबलेली हवा मात्र स्फोटासारखी सुटते.

हे पंतोजीचे पाल्हाळ आहे, असे कोणास वाटेल. आम्ही वाङ्मयाचे विद्यार्थी आणि पूर्वाश्रमीचे शिक्षक, हे खरे. पण विद्यार्थ्याने स्वतःच स्वतःस गुण द्यावयाचे नसतात, एवढे त्या व्यवसायाने आम्हांस नक्की शिकविले. इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे १९७४ साली एका रसायन-कारखान्यात सहा पात्रांपैकी पाचव्याला तडा गेला. ते काढून चौथ्या व सहाव्या पात्रांमध्ये घाईने तात्पुरता नळ जोडण्यात आला. त्याचा आराखडा म्हणजे कर्मशाळेच्या जमिनीवर खडूने काढलेली आकृती! सुरक्षा-झडप प्रतिचौरस सेंटिमीटर ११ किलोंच्या दाबावर उघडावयाची होती. नळाची कसोटी घेतली ती ९ किलोंवर, आणि तीही वायूने. १ जून रोजी तो तुटला आणि २८ माणसे प्राणांस मुकली. विद्वत्तेचा तेथे तुटवडा नव्हता. त्या जागेवर जबाबदार अभियंता मात्र नव्हता.

आपल्याकडेही ज्ञानाचा अभाव नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना उभारला आणि पुढे तेथील पंप देशभर गेले. अभाव आहे तो शिस्तीचा. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीने २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ असे दोनदा भीषण स्फोट सोसले. त्यांची कारणे नळांची होती, असे आम्ही म्हणत नाही. पण कारखान्याच्या भिंतीआडचा हलगर्जीपणा भिंतीआडच राहत नाही, हा त्यांचा धडा भिवंडीने घ्यावयास हवा.

बाष्पकाची तपासणी कायद्याने होते. उकळत्या रंगाच्या नळांपर्यंत त्या कायद्याचा हात पोहोचत नाही. म्हणून आमच्या सूचना मोजक्याच आहेत. खरेदीपत्रात द्रवाचे नाव, तापमान व दाटपणा लिहिलेला असावा. कसोटी ग्राहकाच्या प्रतिनिधीसमक्ष व्हावी. नळात कोणताही बदल झाला की आराखडा काढून, जाणत्याची सही घेऊन, पुन्हा कसोटी घ्यावी आणि तिची नोंद कामगारांस पाहावयास मिळावी. एकट्या लहान कारखानदारास हे जड जाईल, हे आम्ही जाणतो. म्हणून कारखानदारांच्या संघांनी सामाईक कसोटी-केंद्र काढावे आणि मुंबईत १८८७ पासून तंत्रशिक्षण देणाऱ्या व्ही.जे.टी.आय.सारख्या संस्थांचे साहाय्य घ्यावे. सरकारच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने अपघातानंतर पंचनाम्यास येण्याऐवजी आधी कसोटीस यावे.

आग लागल्यावर विहीर खणण्याची आपली परंपरा जुनी आहे. पण नळाशेजारी पाळी करणाऱ्या कामगाराने आपला जीव त्या परंपरेवर का सोपवावा? कसोटीचा खर्च मालकास परवडत नसेल, तर ती न घेतल्याची किंमत या कामगाराने मोजावी, हा हिशेब आम्हांस मान्य नाही.