नर माशांतील अंडपेशी आणि सांडपाण्याचे बिल

ब्रिटनमधील सांडपाण्याची चर्चा सध्या नद्यांत थेट सोडल्या जाणाऱ्या मैल्याभोवती फिरते आहे. जलकंपन्यांना वेसण घालणारा २०२५ चा कायदाही त्याच संतापातून आला. परंतु रीतसर प्रक्रिया होऊन, नियमांत राहून नदीत मिसळणाऱ्या पाण्याचे काय?

ब्रुनेल विद्यापीठाच्या सुझन जॉबलिंग, जॉन सम्प्टर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये इंग्लंडच्या नद्यांतील रोच माशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रक्रिया केंद्रांच्या प्रवाहाखाली नरांच्या वृषणांत अंडपेशी आढळल्या; काही ठिकाणी तर तपासलेल्या प्रत्येक नरात.

स्त्रियांच्या शरीरातील नैसर्गिक इस्ट्रोजेन आणि गर्भनिरोधक गोळीतील कृत्रिम इस्ट्रोजेन ही यामागची मुख्य कारणे. शरीर ही संप्रेरके निष्क्रिय करून बाहेर टाकते. सांडपाण्यातील जिवाणू ती पुन्हा सक्रिय करतात. अंड्यातील बलकाचे प्रथिन घडवणारे जनुक नर माशातही असते, पण सुप्त. इस्ट्रोजेन पोहोचताच ते जागे होते.

मात्रा किती लागते? कॅनडातील ओंटारिओ प्रांतात २००१ ते २००३ या काळात एका प्रायोगिक तलावात गोळीतील इस्ट्रोजेन लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम इतके ठेवले गेले. फॅटहेड मिनो हा छोटा मासा तेथून जवळपास नाहीसा झाला. प्रयोग थांबल्यावर काही वर्षांनी त्याची संख्या सावरली. इंग्लंडमधील रोच मात्र बाधित नद्यांतही तग धरून आहे. म्हणजे हानी खरी आहे, पण ती अटळ नाही.

सारे खापर गोळीवर फोडणे सोपे, पण अन्यायाचे आहे. नैसर्गिक संप्रेरके तरीही वाहतच राहणार. उपाय आहे तो ओझोन किंवा सक्रिय कार्बनच्या वाढीव प्रक्रियेचा. स्वित्झर्लंडने २०१६ पासून तो मार्ग धरला. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार मोठ्या केंद्रांना २०४५ पर्यंत ही सोय करायची असून, खर्चाचा किमान ८० टक्के भार औषध व सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर आहे. औषध उद्योगाने त्याला न्यायालयात आव्हान दिले आहे.

ब्रेक्झिटमुळे ब्रिटन या बंधनाबाहेर आहे. म्हणून येथे खरा प्रश्न तंत्रज्ञानाचा नसून वाटणीचा आहे: हा खर्च उत्पादकाने उचलायचा, पाणीपट्टी भरणाऱ्या आपण, की आजवर उचलत आले तसा नदीतील माशांनीच?