जुन्या रुपयाची खरी किंमत कशी काढावी?



सातारा-सांगलीकडील आपल्या घरांत सोने फारसे कुणाच्या वाट्याला आले नाही. परंतु आजीच्या पेटीत, उतरंडीच्या तळाशी, एखाद्या जुन्या लुगड्याच्या गाठीत राणीछाप रुपया, शिवराई, भोकाचा पैसा असे काही ना काही निघतेच. मुलीच्या कॉलेजची फी भरायची असते किंवा घरात दुखणे निघते, तेव्हा ही पुरचुंडी सोडली जाते. नेमका त्याच सुमारास मोबाईलवर ‘अमुक नाणे पाच लाखांना’ असा निरोप येऊन पडलेला असतो. एका बाजूला लाखांची आशा आणि दुसऱ्या बाजूला मोडीच्या भावात उचलणारा दुकानदार! या दोघांच्या मध्ये कष्टकरी माणूस नागवला जातो. तो नागवला जाऊ नये म्हणून आजचा हा हिशेब.

नाण्याला तीन किंमती असतात. पहिली त्याच्यावर छापलेली. दुसरी त्यातल्या धातूची. तिसरी संग्राहक, म्हणजे नाणी जमवणारे हौशी लोक देतात ती. पहिली किंमत काही नाण्यांना उरलेलीच नाही. चार आणे, म्हणजे २५ पैसे, आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली.

दुसरी किंमत घरबसल्या काढता येते. १८३५ साली कंपनी सरकारने रुपयाचे वजन १८० ग्रेन ठरवले. ते आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम होते. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज यांचे रुपये याच वजनाचे. युद्धाच्या काळात, १९४० पासून, चांदी निम्म्यावर आली. तेव्हा १९४० ते १९४५ च्या रुपयात ५.८३ ग्रॅमच चांदी असते. १९४७ चा रुपया तर निकेलचा. त्यात चांदी नाही. आता पेपरातला एक किलो चांदीचा भाव घ्या, १००० ने भागा आणि या आकड्याने गुणा. हिशेबाच्या सोयीसाठी किलोचा भाव एक लाख धरला, तर राणीछाप रुपयात १०६९ रुपयांची आणि १९४२ च्या रुपयात ५८३ रुपयांची चांदी आहे. झिजेमुळे थोडी घट धरा. सोनार आपला बट्टा कापेल, तेही समजू शकते. पण यापेक्षा फारच कमी कोणी सांगू लागला तर तिथून उठावे. विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई कामगार सोने-चांदी गाळण्यासाठी देशभर गेलेले आहेत. आपल्या ओळखीचा असा कोणी गावी आला, तर त्याला विचारून घ्यावे. धातूची पारख त्याच्या हातात असते.

तिसऱ्या किमतीबाबत मात्र मोठा गैरसमज आहे. नाणे जितके जुने तितके महाग, असे लोक धरून चालतात. तसे नाही. १८६२ साल असलेला राणीचा रुपया घ्या. हे साल पुढे १८७४ पर्यंत तसेच ठेवून रुपये पाडले गेले, त्यामुळे तो घरोघरी सापडतो. १९१८ आणि १९१९ चे रुपयेही कोट्यवधी निघाले. उलट १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया दुर्मीळ. राजाच्या झग्यावरील साखळीत जो छोटा हत्ती कोरला होता, तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. सरकारने ते रुपये मागे घेतले, बहुतेक वितळवले आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. तसाच १९३९ चा रुपयाही फार थोडा मिळतो. म्हणजे वय नव्हे, तर किती नाणी शिल्लक राहिली आणि किती जणांना ती हवी आहेत, यावर भाव ठरतो.

त्यानंतर पाहायची ती नाण्याची अवस्था. व्यापारी यासाठी ठरावीक शब्द वापरतात. अक्षरे व साल वाचता येते, चेहऱ्याची बाह्यरेषा दिसते, पण बारकावे बरेच झिजले आहेत, ते ‘फाइन’. बहुतेक बारकावे शाबूत आणि उंच भागावर थोडी झीज, ते ‘व्हेरी फाइन’. झीज शोधावी लागते, ते ‘एक्स्ट्रीमली फाइन’. टांकसाळीतून निघाले आणि बाजारात फिरलेच नाही, ते ‘अनसर्क्युलेटेड’. नाण्याचा जो भाग उंच असतो तो आधी झिजतो. म्हणून राणीच्या रुपयावर कानावरचे केस आणि पोशाखावरची नक्षी पाहावी. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुकुट, दाढी आणि तोच छोटा हत्ती पाहावा. नाणे बोटांनी कडेला धरून तिरप्या उजेडात फिरवावे, साधे भिंग पुरते. एकाच सालच्या दोन रुपयांच्या भावात या झिजेमुळे कितीतरी पटींचा फरक पडतो.

आणि भगिनींना एक कळकळीची विनंती: जुने नाणे घासू नका! चिंच, राख, लिंबू किंवा भांडी घासायची पूड लावली की नाणे चकाकते खरे, पण त्यावर ओरखडे उठतात आणि संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत तिथेच पडते. काळपट थर हा मळ नव्हे, तो वयाचा दाखला आहे. फारच माती असेल तर साध्या पाण्यात भिजवून मऊ सुती कापडाने टिपावे. माळेसाठी कडी डाकलेला किंवा भोक पाडलेला रुपयाही बहुधा चांदीच्याच भावाने जातो. अशी माळ आजीची आठवण म्हणून जपण्यात अधिक अर्थ आहे.

आपल्या भागात शिवराई पुष्कळ निघते. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर रायगडावर तांब्याची शिवराई पाडली गेली. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. पुढे पेशवाईतही हीच अक्षरे चालू राहिली. अक्षरांखाली दोन आडव्या रेघा असलेली ती दुदांडी शिवराई, ती पुष्कळ मिळते आणि स्वस्त असते. ही नाणी घणाने ठोकून पाडलेली असल्याने सगळी अक्षरे तुकड्यावर मावत नसत. ते वैगुण्य नव्हे. मात्र अक्षरे गुळगुळीत, अंगावर बारीक खड्डे आणि कडेला जोडाची रेघ दिसली, तर ते साच्यात ओतलेले नकली नाणे समजावे. चांदी किंवा तांबे लोहचुंबकाला चिकटत नाही. १९४७ चा निकेलचा रुपया मात्र अस्सल असूनही चिकटतो, हे ध्यानात ठेवावे. राम-सीतेचे किंवा हनुमानाचे चित्र, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि १८१८ साल असलेली नाणी तर कंपनीने कधी काढलीच नाहीत. ते अलीकडचे बिल्ले आहेत. त्यांना तांदूळ चिकटतो, त्यांच्यात शक्ती असते, असे सांगून लाखो रुपये उकळणाऱ्या टोळ्या आहेत. ज्या समाजाने बुद्धीची कसोटी स्वीकारली, त्याने असल्या थापांना बळी पडू नये.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या नाण्याविषयी. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० साली एक रुपयाचे नाणे निघाले. ते तांबे-निकेलचे असून व्यवहारासाठी मोठ्या संख्येने काढलेले होते. चलनात झिजलेल्या नाण्याला आज बाजारात फारशी किंमत नाही, मग मोबाईलवर कोणी काहीही सांगो. ६ डिसेंबर २०१५ रोजी १२५ रुपयांचे आणि १० रुपयांचे अशी आणखी दोन नाणी प्रकाशित झाली. त्यातले १२५ रुपयांचे व्यवहारासाठी नसून संग्रहासाठी आहे. ते ज्यांच्याकडे असेल त्यांनी टांकसाळीचे पाकीट फोडू नये. ज्यांनी १९०० साली सातारच्या शाळेत नाव घातले, त्याच बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला. रुपयाची स्थिरता त्याच्या क्रयशक्तीत, म्हणजे त्याने बाजारात काय मिळते त्यात पाहावी, असे त्यांचे म्हणणे होते. घरातल्या जुन्या नाण्याकडेही असेच डोळे उघडे ठेवून पाहावे.

विकायचे झाल्यास घाई नको. आधी वजन करा, साल लिहून ठेवा, दोन्ही बाजूंचा फोटो काढा. दोन-तीन ठिकाणी दाखवा, नाणे मागे ठेवून येऊ नका, पावती घ्या. ‘आधी नोंदणी फी भरा, कर भरा, मग लाख रुपये मिळतील’ असे म्हणणारा ठगच. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीरच केले आहे की, जुन्या नाण्यांच्या अशा व्यवहारांत बँक पडत नाही, फी किंवा कमिशन मागत नाही आणि तसा अधिकार तिने कोणाला दिलेलाही नाही. मोबाईलवरून फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

शेवटी आपल्या खोदकाम करणाऱ्या बांधवांसाठी. पाया खणताना, विहीर खोदताना पुरलेली नाणी सापडली, तर ती लपवू नका, वाटून घेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. लपवल्यास वाटाही जातो आणि तुरुंगवासही होऊ शकतो. पण कळवल्यास, ठेवा बेवारशी ठरला आणि वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागामालकाचा. सरकारने तो ठेवा आपल्याकडे घेतला, तरी धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा मोबदला द्यावा लागतो. कुदळ मारणाऱ्या हाताचा हा हक्क कायद्याने मान्य केलेला आहे. मुकादम किंवा मालक काही वेगळे सांगू लागला, तर चार माणसे सोबत घेऊन तहसील कचेरी गाठावी आणि अर्जाची पोच घेऊनच घरी यावे.