पत्रिकेवरचं 'सहकुटुंब'

मागच्या आठवड्यात एका पूजेची पत्रिका आली. पाकिटावर ह्यांचं नाव, पुढे 'सहकुटुंब सहपरिवार'. मी त्या 'सहकुटुंब'मध्ये कुठेतरी.

सख्यांनो, जुनी माणसं बायकोलाच 'आमचं कुटुंब' म्हणायची. "कुटुंब माहेरी गेलंय" म्हणजे बायको गेली. आता "फॅमिलीला घेऊन या" म्हणतात. शब्द बदलला, अर्थ तोच.

या 'फॅमिली'चं मूळ लॅटिन 'फामिलिया'. तो शब्द 'फामुलुस' म्हणजे चाकर, यावरून आला. प्राचीन रोममध्ये घरातले गुलाम मिळून 'फामिलिया'. घरधन्याच्या ताब्यातली बाकीची माणसंही त्यातच मोडत. इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा तोही आधी घरच्या नोकरचाकरांसाठीच होता. स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज या भाषांत आज त्याचा अर्थ कुटुंब. पण आल्बेनियन भाषेत त्याच शब्दाचं रूप बदलून अर्थ झाला 'मूल'. आणि रोमानियन भाषेत त्याचा झाला 'फेमेये', म्हणजे चक्क 'बाई'! मग कुटुंबासाठी त्यांना 'फामीलिये' हा शब्द नव्याने घ्यावा लागला.

चाकर, मूल आणि बाई. हे वाचून आधी मला बरं वाटलं, घर म्हणजे बाई असं जगभर मानतात म्हणून. मग लक्षात आलं, की घरात ज्यांचा शब्द चालत नसे, त्यांनाच हे नाव मिळालं. घरधनी त्या नावाने कधी ओळखला गेला नाही. आपल्याकडे तरी कुणी बाई नवऱ्याला 'आमचं कुटुंब' म्हणाल्याचं ऐकलंय का?

आपल्या धर्मात चतुर्विध संघ आहे: साधू, साध्वी, श्रावक, श्राविका. श्राविका श्रावकाच्या नावात धरलेली नाही, ती वेगळी मोजली आहे. मग मंदिराच्या पत्रिकेवर तिचं नाव का नसावं?

'सहकुटुंब' शब्दावर माझा राग नाही. मुलं, सासू-सासरे, सगळे त्यात प्रेमाने येतात. फक्त त्याच्या आधी दोन नावं असावीत, त्याचं आणि तिचं. हे कुणाकडे मागायलाही जायला नको. घरात कार्य निघालं की पाकिटांवर नावं घालायला आपणच तर बसतो. पुढच्या वेळी जावेचं, नणंदेचं, शेजारणीचं नाव आठवून लिहूया. एखादीचं आठवलं नाही, तर फोन करून विचारूया.