फुल्या कुणाच्या सोयीच्या?

बातमीत शिवी आली की वर्तमानपत्रं तिच्या जागी फुल्या छापतात. फुल्यांनी वाचणाऱ्याची लाज राखली जाते, देणाऱ्याचं तोंड झाकलं जातं. जिच्यावरून ती शिवी दिली गेली तिला मात्र त्या फुल्यांचा काहीही उपयोग नसतो. म्हणून या लेखात मी फुल्या मारणार नाही. जे शब्द कॉलेजच्या कट्ट्यावर, एस.टी. स्टँडवर आणि मोबाइलच्या ग्रुपवर दिवसभर मोकळेपणी फिरतात, ते आपल्या अंकात आले म्हणून आपण बाटणार नाही.

मी कॉलेजांमधून राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत सत्रं घेते आणि आठवड्यातले दोन दिवस समुपदेशन केंद्रात बसते. दोन्हीकडे मला तेच शब्द भेटतात. शिबिरात त्यांच्यावर हशा पिकतो. केंद्रात तेच शब्द बायका खाली मान घालून, ‘घाण घाण बोलतात’ एवढंच म्हणून सांगतात, आणि पोलीस ठाण्यात त्यांची ‘अश्लील शिवीगाळ करून’ अशी एका ओळीत वासलात लागते.

शिबिरातल्या मुलांचं म्हणणं ठरलेलं असतं. “ताई, त्याला काही अर्थ नसतो. सवय असते. जिगरी दोस्तालाच देतो आम्ही.” ठीक आहे. एका शिबिरात मी त्यांना म्हटलं, समोरच्याला लागेल अशी एक शिवी सांगा, पण तिच्यात आई नको, बहीण नको, बायको नको, कुणाची जात नको, कुणाचं अपंगत्व नको. बराच वेळ गेला. मग मागून एकजण म्हणाला, “गाढव.” दुसरा म्हणाला, “माकड.” सगळे हसले आणि मग गप्प झाले, कारण एवढ्याने कुणालाच लागत नाही हे त्यांच्याही ध्यानात आलं.

अर्थ नसतो म्हणता, तर जरा अर्थच बघू. ‘साला’ म्हणजे बायकोचा भाऊ. रस्त्यातल्या अनोळखी माणसाला साला म्हणणं म्हणजे तुझी बहीण माझ्याकडे आहे असं सांगणं. ‘भाड्या’ बाईच्या कमाईवर जगतो. ‘रांडेच्या’ या शब्दात पुरुषाचा दोष एवढाच, की त्याची आई तशी. ‘बायल्या’ आणि ‘बांगड्या भर’ यांना तर स्पष्टीकरणच नको. बाईसारखं असणं हीच शिवी. पुरुषाला स्वतःच्या नावावर शिवीसुद्धा मिळत नाही! गाडी लावण्याच्या जागेवरून दोघे भांडतात आणि ज्या बाईचा उद्धार होतो ती तिकडे गावी तांदूळ निवडत बसलेली असते. शिवी दोन पुरुषांमध्ये जाते-येते, पण ती जाते बाईच्या अंगावरून.

‘रांड’ हा शब्द तर आपण सगळ्याजणींनी नीट बघावा असा आहे. संस्कृत ‘रण्डा’वरून आलेला, आणि त्याचा एक अर्थ विधवा. नवरा मेलेली बाई आणि पैशासाठी शरीर विकणारी बाई यांना आपल्या भाषेने एकच नाव दिलं, कारण दोघींवर एका नवऱ्याची मालकी नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते या नावाने हाक मारल्या जाणाऱ्या बायकांसाठीच. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती बदलली. पण तिच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून एकूण स्त्रीजातीवर जी राळ उडाली, तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून उत्तर दिलं. ताराबाईंची भाषा काही मऊ नव्हती. पण त्यांच्या रागाचं तोंड दुर्गुण करून नामानिराळ्या राहणाऱ्या पुरुषांकडे होतं. आणि हा इतिहास संपलाय असं कुणी समजू नये. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला २०२२ साली करावा लागला. त्या गावातल्या बाईला हा शब्द अर्थहीन आहे असं सांगायला यातला कुठला मुलगा जाईल?

आता एक उदाहरण. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी. वर्गातल्या एकाला तिने नाही म्हटलं. त्याने वर्गाच्या ग्रुपवर तिच्या नावापुढे ‘छिनाल’ लिहिलं. खाली तीस-चाळीस हसणारी चित्रं आली. त्यांत मुलींचीही होती. आठवड्याभरात तो शब्द तिचं टोपणनाव झाला, आणि महिन्याभरात कुणाच्या तरी भावाकडून तिच्या वडिलांपर्यंत पोचला. वडिलांनी मुलाला काही विचारलं नाही, मुलीचं कॉलेज बंद केलं. कॉलेजच्या समितीने मुलाला बोलावून ‘हल्ली मुलांची बोलण्याची पद्धतच तशी आहे’ असा शेरा मारून प्रकरण मिटवलं. मुलगा तिसऱ्या वर्षाला गेला. मुलीचं लग्न ठरतंय. मित्राच्या पाठीवर थाप मारत उच्चारलेला शब्द आणि हिच्या नावापुढे लागलेला शब्द एकाच टाकसाळीतले आहेत. कट्ट्यावर तो रोज घासला जातो म्हणून तर इथे इतका सहज चालतो.

शिवीची ताकद हीच, की ती बाईबद्दलचा निकाल आधीच देऊन ठेवते. आपल्या कायद्यातसुद्धा हा निकाल सभ्य भाषेत लिहिलेला होता. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री ‘सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची’ असल्याचं दाखवून तिची साक्ष खोडता येईल, असं पुरावा कायद्याचं कलम १५५ (४) सांगत होतं. ते वगळलं गेलं २००२ च्या दुरुस्तीने. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरेवर अत्याचार झाला, आणि सत्र न्यायालयाने तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचं म्हणत पोलिसांना सोडलं. ‘सवय’ म्हणजे काय, तर फुल्या मारलेली तीच शिवी.

आता यावर समाजात जो उपाय सुचवला जातो त्याबद्दल. “तुम्हाला आयाबहिणी नाहीत का?” हे वाक्य आपण मोर्च्यात ऐकतो, बसमध्ये ऐकतो, कधीकधी आपल्याच कार्यकर्त्या बोलतात. मला ते अजिबात पटत नाही. आईबहिणीवरून दिलेली शिवी झोंबते ती का? तर आई, बहीण ही पुरुषाची अब्रू, त्याच्या घरातली ठेव, म्हणून. तिला हात लावला की त्याचं नाक कापलं जातं. ‘तुम्हाला आयाबहिणी नाहीत का’ या प्रश्नातही तीच ठेव आहे, फक्त ती सांभाळा एवढं सांगितलंय. मग जी कुणाची आई नाही, बहीण म्हणून जिला कुणी घरात घेत नाही, तिचं काय? सांगलीत १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. त्या बायकांचं काम हीच जर सगळ्या गावाची शिवी असेल, तर त्यांनी कुणाची बहीण म्हणून दाद मागायची?

नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये आईबहिणीवरून शिव्या देणाऱ्याला ५०० रुपये दंड करण्याचा ठराव केला. मी या ठरावाची चेष्टा करणार नाही. शिवी ही गावाच्या चावडीवर चर्चा करण्याची गोष्ट आहे हे एका ग्रामसभेने मानलं, हे लहान काम नव्हे. पण दंड भरून शिवी विकत घेता येते, आणि ५०० रुपये शेतमजुराला जेवढे जड तेवढे बागाईतदाराला नाहीत. शिवाय दंड होणार तो चावडीवरच्या शिवीला. घरात, दाराआड, बायकोला मुलगा होत नाही म्हणून ‘वांझोटी’ म्हणणाऱ्याचं काय? त्याच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, त्यात नावं ठेवणं, मूल किंवा मुलगा नसल्यावरून टोमणे मारणं ही हिंसाच मानली आहे. किती गावांत हे बायकांना माहीत आहे?

मैत्रिणींनो, एक भांडण घरातलंही आहे. आपल्यातल्या तरुण मुली म्हणतात, शिव्या फक्त पुरुषांनीच का द्याव्यात, आम्हीही देणार. २०११ साली टोरांटोत एका पोलिसाच्या तसल्या शब्दावरून मोर्चा निघाला, त्याच वर्षी दिल्लीत बेशर्मी मोर्चा झाला; तो शब्दच हिसकावून घ्यायचा हा विचार मला कळतो. सोज्वळ भाषेचा आग्रह मलाही नको. ‘चांगल्या घरच्या मुली असं बोलत नाहीत’ हे वाक्य वस्तीतल्या बाईला खालच्या पायरीवर बसवण्यासाठीच वापरलं गेलं आहे. खंडाळा तालुक्यात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरीच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालतात, बोरीचा बार म्हणतात त्याला. वर्षातून एक दिवस का होईना, तोंड उघडायची मुभा. पण मुली ज्या शिव्या उचलतात त्या कुठल्या? परवा दोन मैत्रिणी तिसरीबद्दल बोलताना तिला ‘रांड’ म्हणत होत्या, कारण ती दोन मुलांशी बोलते. यात काय हिसकावून घेतलं? असभ्य शब्द आणि बाईला खाली ढकलणारा शब्द हे वेगळे आहेत. पहिल्याबद्दल माझी तक्रार नाही. घसा फोडून ओरडा, व्यवस्थेला शिव्या घाला, पण त्या बनवताना जरा कष्ट घ्या.

आणि ‘भाषा बदलता येत नाही’ हे तर मुळीच ऐकून घेऊ नका. जातीवरून चारचौघांत शिवी देणं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. दलित चळवळ लढली म्हणून. ‘छेडछाड’ हा गुदगुल्या करणारा शब्द जाऊन ‘लैंगिक छळ’ आला तो १९९७ च्या विशाखा निकालामागे बायका उभ्या होत्या म्हणून. २०१३ च्या कायद्याने नोकरीच्या ठिकाणी आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी कॉलेजात अंतर्गत समिती सक्तीची झाली, लैंगिक शेरेबाजी छळात मोडते. भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ आहे, त्यात अजून स्त्रीचा ‘विनय’ शिल्लक आहे, तो वाद पुढच्या अंकात घालू.

समितीवर बाहेरची एक सदस्य असावी लागते. वरच्या कॉलेजातही ती होती, कागदावर. तिला बैठकीचं बोलावणंच गेलं नव्हतं. आपल्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपापल्या तालुक्यातल्या कॉलेजांची यादी आणावी: समिती आहे का, बाहेरची सदस्य कोण, आणि गेल्या वर्षभरात तिला किती वेळा बोलावलं.